वाचकांचे प्रश्न : लहानग्यांच्या हृदयावरील शस्त्रक्रियेची वाटचाल

गेल्या अंकात गर्भातील रक्ताभिसरणाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता असे लिहिले होते की, बाळाच्या हृदयावरील शस्त्रक्रियेचा सारा इतिहास जेमतेम एका माणसाच्या आयुष्याएवढा आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांपैकी काही जण अशा मुलांचे आईवडील आहेत आणि काहींवर स्वतःवरच लहानपणी शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रश्न : पोटाच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकातच होऊ लागल्या होत्या. मग हृदयात जन्मतः दोष असलेल्या मुलांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत का थांबावे लागले? पहिली शस्त्रक्रिया कोणती मानतात?

उत्तर : अडचणी दोन होत्या. पहिली प्रत्यक्ष कामातली. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुसे आक्रसतात आणि श्वास चालेनासा होतो, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याचे तंत्र रुळेपर्यंत छातीच्या आत सावकाश काम करणे शक्यच नव्हते. त्यातून हृदय सतत हलणारे, आणि ते थांबवावे तर मेंदूचे रक्त तुटते. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकांनी छातीच्या शस्त्रक्रियांवरील आपल्या ग्रंथात, हृदयाच्या बाबतीत शस्त्रक्रियेने निसर्गाची मर्यादा बहुधा गाठली आहे, अशा अर्थाचे विधान केले होते. त्याच वर्षी फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन यांनी सुऱ्याने भोसकलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचवले. तथापि, बाहेरून झालेली जखम शिवणे आणि हृदयाच्या आतील पडद्यात जन्मतः राहिलेले छिद्र बुजवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी अडचण ज्ञानाची होती, आणि माझ्या मते तीच मोठी होती. हृदयदोष असलेले मूल दगावले की शवविच्छेदनात काहीतरी विचित्र आढळायचे, त्याची नोंद व्हायची आणि विषय तेथेच संपायचा. या विखुरलेल्या नोंदींची नीट मांडणी केली ती मॉड अ‍ॅबट यांनी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने केवळ स्त्री असल्याच्या कारणाने त्यांना वैद्यकाच्या वर्गात प्रवेश नाकारला होता. पुढे त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले, आणि बरण्यांत जतन केलेली हृदये वर्षानुवर्षे तपासून व जगभरच्या नोंदी जमवून त्यांनी १९३६ मध्ये १,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला जन्मजात हृदयदोषांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या दोषात रक्त कोठून कोठे जाते हे कागदावर स्पष्ट दिसू लागल्यावरच ते दुसरीकडे वळवण्याचा विचार कोणाला सुचू शकतो. पुढच्या पन्नास वर्षांतील बहुतेक शस्त्रक्रियांच्या मुळाशी रक्ताच्या वाटेचे हेच वाचन आहे.

जन्मजात दोषावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून सामान्यतः २६ ऑगस्ट १९३८ या दिवसाची नोंद केली जाते. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात, वरिष्ठ रजेवर गेलेले असताना, रॉबर्ट ग्रॉस या ३३ वर्षांच्या डॉक्टरांनी साडेसात वर्षांच्या एका मुलीची ‘डक्टस आर्टेरिओसस’ ही रक्तवाहिनी धाग्याने बांधून टाकली. गर्भात फुप्फुसांना काम नसल्याने त्यांच्याकडे निघालेले बरेचसे रक्त या वाहिनीतून परस्पर महारोहिणीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीत जाते. जन्मानंतर काही दिवसांत ही वाहिनी आपोआप मिटते. ती मिटली नाही, तर महारोहिणीतील रक्त उलट फुप्फुसांकडे गळत राहते आणि हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावे लागते. ग्रॉस यांनी वाहिनी आवळताच छातीत अखंड चाललेली घरघर थांबली. ही वाहिनी हृदयाच्या बाहेर असते, हृदय उघडावे लागत नाही आणि थांबवावेही लागत नाही, म्हणून सुरुवात येथून झाली. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी महारोहिणीचा जन्मतः चिंबलेला भाग कापून दोन्ही टोके एकमेकांना जोडली. तेही काम हृदयाच्या बाहेरचेच होते.

प्रश्न : ‘ब्लू बेबी’ शस्त्रक्रियेला पूर्वी दोघांची नावे होती, आता तिघांची आहेत, असे वाचले. तिसरे नाव कोणाचे आणि ते इतक्या उशिरा का आले? मुळात बाळ निळे का पडते?

उत्तर : फुप्फुसांत प्राणवायू मिळालेले रक्त लालभडक असते, न मिळालेले काळपट. हे काळपट रक्त फुप्फुसांना वळसा घालून थेट शरीरात जाऊ लागले की ओठ, जीभ आणि नखे निळसर दिसतात. याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. मार्सेय येथील एत्येन-लुई फॅलो यांनी १८८८ मध्ये त्यातील चार गोष्टी एकत्र मांडल्या : फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात छिद्र, त्या छिद्रावर दोन्ही बाजूंना स्वार झालेली महारोहिणी, आणि अरुंद वाटेशी झुंजून जाड झालेली उजव्या कप्प्याची भिंत. अशी मुले चार पावले चालली की उकिडवी बसतात. उकिडवे बसल्याने पायांकडील वाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडील प्रवाहाला विरोध वाढतो आणि त्यामुळे थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. हे त्या मुलांना कोणी शिकवलेले नसते. धाप लागल्यावर कसे बरे वाटते ते त्यांनी स्वतःच शोधून काढलेले असते.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग या १९३० पासून हृदयदोष असलेल्या मुलांचा विभाग सांभाळत होत्या. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून छातीतील आवाजांपेक्षा छातीवर ठेवलेल्या हाताला जाणवणाऱ्या कंपनांवर आणि क्ष-किरणांत दिसणाऱ्या हृदयाच्या आकारावर त्या अधिक विसंबत. त्यांच्या लक्षात आले की काही निळी बाळे जन्मल्यावर काही काळ बरी असतात आणि मग एकाएकी खालावतात; हा काळ डक्टस मिटण्याच्या काळाशी जुळतो. म्हणजे जी वाहिनी उघडी राहिल्याने ग्रॉस यांची रुग्ण आजारी होती, तीच वाहिनी या बाळांना जगवत होती, कारण फुप्फुसांकडे रक्त नेणारी तेवढी एकच मोकळी वाट त्यांच्यापाशी होती. ती मिटत असेल तर नवी तयार करावी, हा विचार घेऊन टॉसिग आधी ग्रॉस यांच्याकडेच गेल्या होत्या, परंतु त्यांनी त्यात रस दाखवला नाही. त्यानंतर १९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक हे हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रयोगशाळा सहायक व्हिव्हियन थॉमस आले.

तिसरे नाव यांचे. थॉमस हे कृष्णवर्णीय, सुतारकामात हात बसलेले, डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवणारे तरुण. महामंदीत बँक बुडाली आणि ती शिल्लकही गेली. १९३० मध्ये ते नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधकाचे असूनही तेथील पगारपत्रकात त्यांची जागा सफाई कामगाराची होती. वेगळ्याच एका संशोधनासाठी या दोघांनी पूर्वी कुत्र्याच्या पुढच्या पायाकडे जाणारी रोहिणी फुप्फुस रोहिणीला जोडून पाहिली होती. तो प्रयोग मूळ हेतूच्या दृष्टीने फसला होता, पण टॉसिग यांना हवी असलेली वाट त्यातच तयार होती. आता प्रश्न असा होता की निळे बाळ प्रयोगशाळेत आणायचे कोठून? निरोगी कुत्र्याच्या रक्तातील प्राणवायू कमी होईल अशी रचना आधी शस्त्रक्रियेने करायची आणि मग ती जोडणीने सुधारायची, हे दुहेरी काम थॉमस यांनी सुमारे २०० कुत्र्यांवर, दोन वर्षे खपून बसवले. त्या वाहिन्यांसाठी लागणाऱ्या सुयाही त्यांनी स्वतः आखूड करून घेतल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. सुई ब्लेलॉक यांच्या हातात होती, पण त्यांच्या पाठीमागे एका स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कोणत्या दिशेने घ्यायचा हे ब्लेलॉक त्यांना विचारून ठरवत होते. ती मुलगी सावरली, मात्र काही महिन्यांनी दगावली. तिसऱ्या रुग्णाच्या वेळी रक्त अडवण्यासाठी वाहिन्यांना लावलेले चिमटे सोडताच शस्त्रक्रियागृहातील सर्वांच्या डोळ्यांदेखत मुलाचे ओठ गुलाबी झाले, आणि १९४५ मध्ये निबंध प्रसिद्ध झाल्यावर दूरदूरच्या देशांतून आईवडील निळी बाळे घेऊन बॉल्टिमोरला येऊ लागले. त्या निबंधावर ब्लेलॉक आणि टॉसिग अशी दोन नावे होती. थॉमस यांचा उल्लेखही नव्हता. डॉक्टर नसलेल्या आणि त्यातही कृष्णवर्णीय माणसाला श्रेय देण्याची त्या काळच्या रुग्णालयांत पद्धत नव्हती, हे त्याचे कारण आहे. समर्थन मात्र मला सापडत नाही. हॉपकिन्सने १९७६ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचे नाव घालण्याचा प्रघात त्याहूनही अलीकडचा आहे.

प्रश्न : हृदय उघडायचे म्हणजे ते थांबवावे लागणार. यंत्र येण्याआधी हे कसे करत? एका लेखात ‘वडिलांच्या हृदयावर मुलाला जगवले’ असे वाचले, ते अक्षरशः खरे आहे का?

उत्तर : अक्षरशः खरे आहे. पण त्याआधीचे दोन टप्पे सांगितल्याशिवाय त्याचे महत्त्व कळणार नाही.

ब्लेलॉक आणि टॉसिग यांच्या शस्त्रक्रियेने मूळ दोष जागच्या जागीच राहत होता, फक्त रक्ताला जास्तीची एक वाट मिळत होती. छिद्र बुजवायचे तर हृदयात शिरावे लागणार, आणि नेहमीच्या तापमानाला मेंदू रक्ताविना साधारण चार मिनिटेच तग धरतो. चार मिनिटांत हृदय उघडून, दोष शोधून, शिवून, पुन्हा बंद करणे अशक्यप्राय होते. टोरोंटो येथील विल्फ्रेड बिगेलो यांनी प्राण्यांवर दाखवले होते की शरीर थंड केले की प्राणवायूची गरज घटते. त्या आधारावर २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, हृदयाकडे येणारे रक्त साडेपाच मिनिटे अडवले आणि वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र डोळ्यांनी पाहत शिवले. या पद्धतीने सोपी छिद्रे बुजवता येत होती. खालच्या कप्प्यांमधील छिद्राला किंवा टेट्रालॉजीला एवढी मिनिटे पुरणारी नव्हती.

दुसरा टप्पा यंत्राचा. १९३१ मध्ये फुप्फुसाच्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी जॉन गिबन हे तरुण डॉक्टर रात्रभर बसून होते. तिचे काळे पडलेले रक्त बाहेर काढून त्याला प्राणवायू देऊन परत सोडता आले असते तर, हा विचार त्यांना तेथे सुचला आणि त्यांनी पत्नी मेरी यांच्या मदतीने पुढची वीसेक वर्षे त्या यंत्रामागे घालवली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे या यंत्राने १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम २६ मिनिटे पूर्णपणे सांभाळले आणि तिच्या हृदयातील छिद्र बुजवले गेले. त्यानंतरची मुले मात्र वाचली नाहीत. गिबन यांनी ते काम थांबवले आणि पुन्हा हाती घेतले नाही.

वॉल्टन लिलेहाय यांचा मार्ग या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. यंत्रे माणसे मारत आहेत आणि थंडीची मिनिटे अपुरी आहेत, तर मग गर्भातील बाळासारखे मुलाला दुसऱ्या जिवंत माणसाच्या रक्ताभिसरणावर का ठेवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. २६ मार्च १९५४ रोजी मिनेसोटातच एका मेजावर जेमतेम वर्षाचा मुलगा आणि शेजारच्या मेजावर त्याचे वडील असे दोघांना झोपवण्यात आले. मुलाचे काळपट रक्त नळीने वडिलांच्या मांडीतील नीलेत आणि वडिलांचे लाल रक्त त्यांच्या मांडीतील रोहिणीतून मुलाच्या शरीरात, असा प्रवाह एका साध्या पंपाने मोजून ठेवला होता. तेवढ्या वेळात लिलेहाय यांनी खालच्या कप्प्यांमधील छिद्र शिवले. अकराव्या दिवशी न्यूमोनियाने मूल गेले. शवविच्छेदनात छिद्र नीट बंद झालेले दिसले, आणि त्या दिसण्यावर विश्वास ठेवून पुढच्या मुलांचे आईवडील मेजावर झोपायला तयार झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस याच पद्धतीने टेट्रालॉजीची पहिली संपूर्ण दुरुस्ती झाली.

एका शस्त्रक्रियेत दोन मृत्यू होऊ शकतात, असा आक्षेप त्या वेळीच घेतला गेला होता आणि तो रास्त होता. १९५४-५५ मध्ये या पद्धतीने ४५ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी २८ रुग्ण बरे होऊन घरी गेले. रक्ताभिसरण देणाऱ्यांपैकी कोणी दगावले नाही, परंतु रक्तात हवा शिरल्यामुळे एका आईच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तिच्याविषयी इतिहासाच्या पुस्तकांत फार तर एक ओळ असते, आणि मला ते नेहमी अपुरे वाटते. उरलेल्या १७ मुलांपुढे त्या काळी दुसरा उपाय नव्हता, हे जितके खरे तितकेच हेही खरे की त्या आईने स्वतः पूर्ण निरोगी असताना हा धोका पत्करला होता.

यंत्राचा मार्ग सुटला नाही तो जॉन कर्कलिन यांच्यामुळे. मिनेसोटा राज्यातच, रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये त्यांच्या गटाने गिबन यांच्या यंत्राची रचना सुधारली आणि १९५५ च्या मार्चपासून आठ मुलांवर ते वापरले. चार वाचली. आकडा आज भयावह वाटतो, पण यंत्राच्या आधारे एकापाठोपाठ अनेक शस्त्रक्रिया करता येतात हे प्रथम येथे सिद्ध झाले. त्याच वर्षी लिलेहाय यांचे सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी प्लास्टिकच्या नळ्यांचे, रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडणारे आणि नंतर ते बुडबुडे काढून टाकणारे स्वस्त उपकरण बनवले. आईवडिलांना मेजावर झोपवण्याची गरज त्यानंतर राहिली नाही.

प्रश्न : पेसमेकरचा शोध मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतून लागला, हे कितपत बरोबर आहे?

उत्तर : खिशात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या पेसमेकरपुरते बरोबर आहे. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारा विद्युत संदेश ज्या धाग्यासारख्या ऊतीतून खालच्या कप्प्यांकडे जातो, ती ऊती पडद्यातील छिद्राच्या अगदी कडेने जाते. सुरुवातीच्या काळात टाका नेमका तिच्यातून जाई, छिद्र बंद होई आणि हृदय इतके मंद पडे की मूल दगावे. लिलेहाय यांच्या गटाने हृदयाच्या स्नायूत बारीक तार बसवून ती बाहेरच्या उपकरणाला जोडायला सुरुवात केली, पण ते उपकरण भिंतीतील विजेवर चाले. १९५७ च्या ऑक्टोबरअखेरीस मिनीअ‍ॅपलिस शहराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा या मुलांचे ठोके विजेच्या तारेला बांधलेले आहेत हे सगळ्यांना उमगले. रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणारे अर्ल बॅकन यांनी संगीतातील ताल मोजणाऱ्या यंत्राच्या विद्युत आराखड्यावरून, ट्रान्झिस्टर वापरून, काही आठवड्यांत बॅटरीवरचा पेसमेकर बनवला. पुढे त्या ऊतीचा मार्ग नीट अभ्यासला गेला आणि टाका कोठे घ्यायचा नाही हे शल्यचिकित्सकांना कळले.

प्रश्न : माझ्या मोठ्या चुलतभावाला जन्मतः मुख्य वाहिन्यांची अदलाबदल होती. त्याच्यावर ‘मस्टर्ड’ शस्त्रक्रिया झाली. माझ्या मुलीला तोच दोष होता, पण दहाव्या दिवशी तिच्यावर वेगळीच शस्त्रक्रिया झाली. मग त्याच्यावर झालेली चुकीची होती का?

उत्तर : चुकीची नव्हती, त्या काळी शक्य असलेली ती सर्वोत्तम होती. या दोषात महारोहिणी उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुस रोहिणी डाव्या कप्प्यातून निघते. त्यामुळे शरीराचे काळपट रक्त शरीरातच आणि फुप्फुसांचे लाल रक्त फुप्फुसांतच फिरत राहते. दोन्ही प्रवाह कोठेतरी मिसळले नाहीत, तर बाळ जगत नाही. अदलाबदल झालेल्या वाहिन्या पुन्हा जागच्या जागी बसवणे हा उघड उपाय, पण हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्याही महारोहिणीबरोबर हलवाव्या लागतात, आणि ते कोणाला जमत नव्हते. म्हणून आके सेनिंग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि टोरोंटो येथे विल्यम मस्टर्ड यांनी १९६३ मध्ये उलटा विचार केला. वाहिन्या हलत नसतील तर वरच्या कप्प्यांतच रक्ताच्या वाटा उलटवाव्यात, म्हणजे दोन चुकांतून बरोबर प्रवाह तयार होईल. आपले बंधू त्या विचारामुळे मोठे झाले. त्यात राहिलेली उणीव अशी की फुप्फुसांपुरता दाब देण्यासाठी घडलेला उजवा कप्पा आयुष्यभर संपूर्ण शरीराला रक्त पुरवतो आणि काही दशकांनी थकू लागतो. त्यांची नियमित तपासणी थांबता कामा नये.

मुलीची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या अदीब जातेने यांनी १९७५ मध्ये साओ पावलो येथे प्रथम यशस्वी केलेली असावी. तीत मुख्य वाहिन्या आणि त्यांच्याबरोबर हृदयस्नायूच्या बारीक वाहिन्याही योग्य जागी जोडल्या जातात. ती पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते, कारण फुप्फुसांच्या कमी दाबाची सवय झाली की डावा कप्पा दुबळा होतो. एवढ्या लहान बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत सांभाळता येऊ लागले ते आणखी दोन शोधांमुळे. १९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी शिरेतून नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून आणि झटक्याने ओढून वरच्या पडद्यात छिद्र पाडले. छाती न उघडता रक्त मिसळण्याची सोय त्यामुळे झाली. आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात प्रोस्टाग्लँडिन या औषधाने डक्टस उघडा ठेवता येतो हे दिसून आले. टॉसिग यांनी जे मिटताना पाहिले होते, ते आता सलाईनच्या नळीतून दिलेल्या औषधाने थोपवता येऊ लागले. मला विचाराल तर नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत कोणत्याही नव्या टाक्याइतकेच मोल या औषधाचे आहे.

एक कटू भाग मात्र येथेच सांगितला पाहिजे. नवी शस्त्रक्रिया शिकताना प्रत्येक केंद्रात सुरुवातीची काही मुले दगावत आणि ते अटळ मानले जाई. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे, जेथे हीच शस्त्रक्रिया वादाचा एक विषय होती, काही मुलांचे मृत्यू अटळ नव्हते असे सार्वजनिक चौकशीत निष्पन्न झाले. १९९१ ते १९९५ या काळात तेथे उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असे २००१ च्या अहवालात म्हटले आहे. भूलतज्ज्ञ स्टीव्हन बोल्सिन यांनी कित्येक वर्षे आधीपासून ही बाब वरिष्ठांच्या कानावर घातली होती. त्या देशात आज बालहृदयशस्त्रक्रियेचे निकाल रुग्णालयवार जाहीर होतात, त्यामागे हे प्रकरण आहे.

प्रश्न : पूर्वी नवजात बाळांना पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया करत असत, असे ऐकून झोप उडाली. हे खरे असू शकते का?

उत्तर : दुर्दैवाने खरे आहे, आणि फार जुनेही नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अकाली जन्मलेल्या बाळांचा डक्टस बांधताना त्यांना स्नायू सैल करणारे औषध आणि सौम्य वायू एवढेच दिले जाई. त्यांच्या मज्जासंस्थेला वेदना नीट कळत नाही आणि पूर्ण भूल त्यांना सोसणार नाही, असा समज होता. तो समज घडवणारी माणसे निर्दय नव्हती. भुलीने बाळे गमावण्याची भीती त्यांनी अनुभवलेली होती. ऑक्सफर्ड येथे कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बाळांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला नेहमीची पद्धत, दुसऱ्याला त्याबरोबर फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरील ताण कितीतरी कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणीही कमी होत्या. आज प्रत्येक नवजात बाळाला शस्त्रक्रियेसाठी वेदनाशामकासह पूर्ण भूल दिली जाते.

प्रश्न : आमचा मुलगा एकाच कामाच्या कप्प्यासह जन्मला. तीन टप्प्यांची शस्त्रक्रिया झाली, आता तो शाळेत जातो. तो पूर्ण बरा झाला असे समजावे का?

उत्तर : तो शाळेत जातो ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण ‘पूर्ण बरा’ हा शब्द मी वापरणार नाही, आणि त्याचे कारण या शस्त्रक्रियेच्या कल्पनेतच आहे. १९६८ मध्ये बोर्दो येथे फ्रान्सिस फोंतां यांनी असे गृहीत धरले की शरीराकडून येणारे रक्त कोणत्याही पंपाशिवाय, केवळ शिरांतील दाबावर फुप्फुसांतून पार होऊ शकते. तसे असेल तर जो एक कप्पा धड आहे तो फक्त शरीरासाठी वापरता येईल. कल्पना धाडसी होती आणि ती खरी ठरली. हृदयाची डावी बाजूच वाढलेली नसते अशा बाळांसाठी विल्यम नॉरवुड यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टन येथे पहिला टप्पा बसवला. त्याआधी अशी जवळजवळ सर्व बाळे पहिल्या काही आठवड्यांत जात असत. परंतु शिरांतील दाब आयुष्यभर चढा राहिल्याने यकृतावर परिणाम होऊ शकतो, ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, काही जणांत आतड्यांवाटे प्रथिने गळू लागतात. म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, मूल कितीही खेळते-बागडते असले तरी.

हे फक्त आपल्या मुलापुरते नाही. टेट्रालॉजीची दुरुस्ती होऊन मोठ्या झालेल्या अनेकांची फुप्फुसांकडील झडप काही दशकांनी गळू लागते. तिच्या जागी मांडीतील शिरेतून नळीवाटे नवी झडप बसवण्याची पद्धत फिलिप बोनहोफर यांनी २००० मध्ये दाखवून दिली, त्यामुळे काही जणांची दुसऱ्यांदा छाती उघडणे टळते. या शस्त्रक्रिया जेथे दीर्घकाळ होत आल्या आहेत, त्या देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांची संख्या आता मुलांपेक्षा अधिक आहे, आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो अ‍ॅबट यांच्यापुढे होता तोच : या हृदयात रक्त नेमके कोणत्या वाटेने जाते? आपल्या मुलाच्या बाबतीत ती वाट शल्यचिकित्सकांनी तीनदा बदललेली आहे. तिन्ही शस्त्रक्रियांचे मूळ अहवाल रुग्णालयाकडून मागून घ्या, त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि तो समजण्याच्या वयाचा झाला की कागदावर हृदयाचे चित्र काढून ते त्याला स्वतःला समजावून सांगा. पुढे कधी परगावी, अनोळखी डॉक्टरांपुढे त्याला एकट्यालाच ते सांगावे लागेल.